विश्लेषण : संकरित मक्याचे ‘आईबाप’ ठरतात कसे?

खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांत मक्याच्या बियाण्याच्या पिशव्यांची चळत लागते. पिशवीवर वाणाचे नाव असते, भरलेल्या कणसाचे छायाचित्र असते. पण या बियाण्याची मादी कोणती आणि नर कोणता, याची माहिती शेतकऱ्याला सहसा मिळत नाही. कोंबडीखाद्य आणि स्टार्च उद्योगाबरोबर आता इथेनॉलसाठीही मक्याची मागणी वाढली आहे. भारताची हेक्टरी उत्पादकता मात्र साडेतीन टनांच्या आसपास आहे, तर अमेरिकेत ती सुमारे ११ टन आहे. हवामान, सिंचन, खते अशी या दरीची कारणे अनेक. पण त्यातील एक मोठे कारण बियाण्याच्या आधीच्या पिढीत, म्हणजे संकराच्या पालकांत दडलेले असते. हे पालक निवडण्याचे शास्त्र नेमके काय आहे?

संकर करण्यासाठी मका सोयीचा का?

मक्याच्या एकाच ताटावर नर आणि मादी फुले असतात, पण वेगवेगळ्या जागी. शेंड्यावरचा तुरा नर, तर ताटाच्या मध्यावर येणारे कणीस मादी. कणसातून बाहेर लोंबणारा प्रत्येक केस एकेका होऊ घातलेल्या दाण्याशी जोडलेला असतो. त्यावर परागकण पडला तर दाणा भरतो, नाही तर ती जागा रिकामी राहते. गहू किंवा भातासारखी नर-मादी एकाच फुलात नसल्याने मक्याचा तुरा खुडून टाकला, की ते ताट केवळ मादी उरते. शेजारच्या ओळीतील नराचे पराग वाऱ्याने आले, की संकर आपोआप होतो.

याच रचनेमुळे मका निसर्गतः परपरागित पीक आहे. शेतातल्या पारंपरिक मक्याचे प्रत्येक ताट एका अर्थाने संकरितच असते. मात्र त्याचा बाप कोण, हे ठाऊक नसते. हव्या त्या नर-मादीची जोडी लावून दर वर्षी तोच परिणाम मिळवायचा, तर आधी ते नर आणि मादी पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे असावे लागतात. पालक घडवण्याचे काम येथून सुरू होते.

असे न बदलणारे पालक कसे तयार करतात?

त्यासाठी ताटाचे परागकण त्याच ताटाच्या कणसावर टाकावे लागतात. केस बाहेर येण्याआधी कणसावर पिशवी चढवायची, तुऱ्यावर कागदी पिशवी बांधून पराग गोळा करायचे आणि ते त्याच कणसाच्या केसांवर झटकायचे. पुढच्या हंगामात त्या दाण्यांतून उगवलेल्या ताटांवर पुन्हा तेच. प्रत्येक पिढीत आनुवंशिक मिश्रता निम्म्याने घटते. सहा पिढ्यांनंतर ती दोन टक्क्यांहूनही कमी उरते आणि त्या कुळातली सर्व ताटे जवळजवळ एकसारखी होतात. पैदासकार अशा कुळाला ‘इनब्रेड लाइन’ म्हणतात. मराठीत त्याला शुद्ध वाण म्हणता येईल.

या शुद्धतेची किंमत मोजावी लागते. ताटे बुटकी होतात, कणसे आखडतात, लपलेले दोष उघडे पडतात. काही कुळे तर मरूनच जातात. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जॉर्ज शल हे शास्त्रज्ञ कणसावरील दाण्यांच्या ओळींची आनुवंशिकता तपासत असताना त्यांना हा ऱ्हास दिसला. पण अशाच दोन खुरटलेल्या शुद्ध वाणांचा संकर केला, तेव्हा पुढची पिढी एकदम जोमदार निघाली. शल यांनी ही निरीक्षणे १९०८ मध्ये मांडली. संकरातून येणाऱ्या या जोमाला पुढे त्यांनीच ‘हेटरोसिस’ हे नाव दिले.

देखणे ताट चांगला पालक का ठरत नाही?

शेतकरी पूर्वापार सर्वांत मोठे आणि भरदार कणीस बियाण्यासाठी राखून ठेवत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मका पट्ट्यात तर कणसांच्या सौंदर्यस्पर्धा भरत. लांबी, आकार, ओळींचा सरळपणा यांवर गुण मिळत आणि जिंकलेले कणीस उत्तम बियाणे मानले जाई. १९०४ मध्ये आयोवातील हेन्री वॉलेस या १६ वर्षांच्या मुलाने प्रदर्शनातील कणसांचे दाणे वेगवेगळे पेरून उत्पादन मोजले. परीक्षकांनी दिलेले गुण आणि शेतातले उत्पादन यांचा मेळ बसला नाही. याच वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याची बियाणे कंपनी काढली. पुढे ते अमेरिकेचे कृषिमंत्री आणि उपाध्यक्षही झाले.

संकराच्या पालकांबाबत हा धडा आणखी काटेकोरपणे लागू होतो. शुद्ध वाण स्वतः किती पिकतो, यावरून त्याचे संकर किती पिकतील, याचा भरवशाचा अंदाज येत नाही. उंची, पक्वतेचा काळ, काही रोगांना प्रतिकार असे गुण पालक पाहून बऱ्यापैकी ओळखता येतात. उत्पादन मात्र दोन पालकांच्या जनुकांच्या मेळातून ठरते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, तरच जोम येतो. म्हणून पालकाची खरी लायकी त्याच्या अपत्यांवरूनच कळते.

मग हजारो वाणांतून निवड होते कशी?

अडचण संख्येची आहे. १०० शुद्ध वाण असतील तर त्यांच्या ४,९५० वेगवेगळ्या जोड्या होतात आणि १,००० वाण असतील तर जवळपास पाच लाख. इतके संकर करून, प्रत्येकाची अनेक ठिकाणी पेरणी करून तोलणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यावरचा तोडगा १९२० आणि १९३० च्या दशकांत आकाराला आला. सर्व नव्या वाणांचा संकर आधी एका ठरावीक, ओळखीच्या वाणाशी करायचा. या सामाईक जोडीदाराला ‘टेस्टर’ म्हणतात. सर्वांचा जोडीदार एकच असल्याने संकरांच्या उत्पादनात पडलेला फरक नव्या वाणांच्या खात्यावर टाकता येतो. या चाळणीत बहुतेक वाण बाद होतात. उरलेल्या मोजक्या वाणांच्या मग आपापसांत जोड्या लावून पाहतात.

१९४२ मध्ये जॉर्ज स्प्रेग आणि लॉइड टेटम यांनी या मोजमापाला नेमकी भाषा दिली. एखादा वाण कोणाशीही जोडला तरी सरासरीने चांगली अपत्ये देत असेल, तर त्याची ‘सर्वसाधारण संयोगक्षमता’ चांगली. एखादी विशिष्ट जोडी मात्र दोघांच्या सरासरीवरून अपेक्षित असलेल्यापेक्षाही वरचढ ठरली, तर ती ‘विशिष्ट संयोगक्षमता’. सुरुवातीच्या चाळणीत पहिली कसोटी लावतात, अंतिम जोडी ठरवताना दुसरी. टेस्टर चुकीचा निवडला, तर चांगला वाण पहिल्याच फेरीत कचऱ्यात जाऊ शकतो. म्हणून टेस्टर कोणता, हा पैदास कार्यक्रमातला कळीचा निर्णय असतो.

उत्पादनाखेरीज काय पाहतात?

पावसावर अवलंबून असलेल्या मक्यात तुरा आणि केस यांच्यातील दिवसांचे अंतर महत्त्वाचे असते. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला, तर तुरा वेळेवर येतो, पण केस बाहेर पडायला उशीर होतो. तोवर पराग संपतात आणि कणसे रिकामी राहतात. ताणातही हे अंतर कमी ठेवणारे वाण कोरडवाहू भागासाठीचे पालक म्हणून निवडले जातात.

याशिवाय पानांवरील करपा, खोडकूज, खोडकिडा, वाऱ्यात ताट उभे राहण्याची ताकद, दाट लागवडीतही कणीस भरण्याची क्षमता, हे सारे तपासले जाते. भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीने या यादीत आणखी एक कठीण कसोटी घातली. सगळे गुण एकाच पालकात मिळत नाहीत. त्यामुळे कोणता गुण मादीकडून आणि कोणता नराकडून घ्यायचा, याची वाटणी करावी लागते.

पालकांची ‘घराणी’ वेगळी का ठेवतात?

जवळच्या नात्यातल्या दोन वाणांचा संकर फारसा जोम देत नाही, कारण दोघांच्या उणिवाही सारख्याच असतात. म्हणून पैदासकार आपले वाण दोन किंवा अधिक गटांत विभागतात. सुधारणा गटाच्या आत करायची आणि संकर गटाबाहेर करायचा, असा हा शिरस्ता. सगोत्र विवाह टाळण्याच्या रीतीशी त्याचे साम्य आहे.

अमेरिकेतील उदाहरण सर्वपरिचित आहे. आयोवात १९३० च्या दशकात स्प्रेग यांनी ताट मजबूत असलेले १६ शुद्ध वाण एकत्र करून एक मिश्र समूह तयार केला. त्या समूहात पिढ्यान्‌पिढ्या निवड करत आयोवा स्टेट विद्यापीठाने १९७२ मध्ये ‘बी ७३’ हा वाण दिला. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातील ‘लँकेस्टर’ या जुन्या मक्याशी नाते सांगणारा ‘एमओ १७’ हा वाण मिसुरीत तयार झाला होता. या दोन वेगळ्या घराण्यांची जोडी इतकी जमली, की तिने १९७० च्या दशकात आणि नंतरही अमेरिकी शेते व्यापली. ‘बी ७३’ चे महत्त्व एवढे, की २००९ मध्ये मक्याचा जनुकीय आराखडा प्रथम सविस्तर प्रसिद्ध झाला, तो याच वाणाचा.

उष्ण कटिबंधातील मक्यात अशी घराणी इतकी रेखीव नव्हती. येथील अनेक पैदास समूह निरनिराळ्या ठिकाणचा मका एकत्र मिसळून तयार झाले होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मका आणि गहू सुधार केंद्र, म्हणजे ‘सिमिट’, आणि भारतीय संस्थांना आपल्या वाणांचे गट चाचण्या घेऊन नव्याने पाडावे लागले. आता डीएनए तपासणीमुळे नाते लवकर कळते, पण कोणत्या गटाचे कोणाशी जमते, याचा अंतिम निकाल शेतातच लागतो.

मादी कोण आणि नर कोण, याने काय फरक पडतो?

संकराचा दाणा मादीच्या कणसावर तयार होतो. म्हणजे शेतकरी जे बियाणे विकत घेतो, ते शब्दशः मादी पालकाचे पीक असते. मादी वाण खुरटा असेल तर एकरी बियाणे कमी निघते आणि पिशवी महागते. म्हणून मादीकडून भरपूर आणि एकसारख्या आकाराचे दाणे, मजबूत ताट, चांगली उगवण यांची अपेक्षा असते. नर शक्यतो उंच हवा, त्याचा तुरा भरगच्च हवा आणि पराग अनेक दिवस झडायला हवेत. शिवाय मादीचे केस आणि नराचे पराग एकाच वेळी यायला हवेत. दोघांच्या फुलोऱ्यात अंतर असेल, तर नर आणि मादी वेगवेगळ्या तारखांना पेरावे लागतात. त्यात पावसाने घोळ घातला, की बीजोत्पादकाचे नुकसान ठरलेले.

कमकुवत माद्यांच्या या अडचणीमुळेच संकरित मका सुरुवातीला व्यवहारात उतरत नव्हता. १९१७-१८ च्या सुमारास कनेक्टिकटमधील डोनाल्ड जोन्स यांनी वाट काढली. चार शुद्ध वाण घ्यायचे, त्यांचे दोन संकर करायचे आणि त्या दोन जोमदार संकरांचा पुन्हा संकर करायचा. या ‘दुहेरी संकरा’त बियाणे जोमदार मादीवर येत असल्याने ते स्वस्तात आणि भरपूर मिळू लागले. पुढे शुद्ध वाणच इतके सुधारले, की १९६० च्या दशकापासून अमेरिका दोनच पालकांच्या एकेरी संकराकडे वळली. एकेरी संकर अधिक एकसारखा आणि सहसा अधिक उत्पादन देणारा असतो. तो परवडू लागला, याचे श्रेय सुधारलेल्या माद्यांना जाते.

भारतात हे काम कुठवर आले आहे?

देशात पिकांसाठीचा पहिला अखिल भारतीय समन्वित प्रकल्प मक्यासाठीच १९५७ मध्ये सुरू झाला. त्यातून १९६१ मध्ये ‘गंगा १’, ‘गंगा १०१’, ‘रणजीत’ आणि ‘डेक्कन’ हे पहिले संकरित वाण आले. ते दुहेरी संकर होते. एकेरी संकराकडे वळायला भारताला १९९० चे दशक उजाडले. पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘पारस’ हा १९९५ मधील वाण या वळणावरचा ठळक टप्पा. आज या प्रकल्पाची केंद्रे देशभर आहेत. महाराष्ट्रातील एक केंद्र कोल्हापूरला आहे.

चांगला पालक हाती लागला की तो अनेक संकरांना कसा पुरतो, हे हरियाणातील कर्नाल केंद्राच्या वाणांत दिसते. तेथील ‘एचकेआय १९३-१’, ‘एचकेआय १६३’ आणि ‘एचकेआय १६१’ या तीन शुद्ध वाणांच्या आपापसांतील जोड्यांतून ‘एचक्यूपीएम १’, ‘एचक्यूपीएम ५’ आणि ‘एचक्यूपीएम ७’ हे तीन संकरित वाण मिळाले. लायसिन आणि ट्रिप्टोफॅन या आवश्यक अमिनो आम्लांचे प्रमाण जास्त असलेला हा दर्जेदार प्रथिनांचा मका आहे. अल्मोड्यातील विवेकानंद संस्थेने वेगळा मार्ग घेतला. ‘विवेक ९’ या लोकप्रिय संकराची जोडी न मोडता तिच्या दोन्ही पालकांत डीएनए खुणांच्या मदतीने प्रथिनांचा दर्जा वाढवणारे जनुक आणले आणि सुधारित पालकांपासून ‘विवेक क्यूपीएम ९’ तयार केला. संकरात नवा गुण आणायचा तर तो आधी आईबापांत आणावा लागतो, हे यातून स्पष्ट होते.

वेळ वाचवणारे तंत्रही आता देशात आहे. सहा-सात पिढ्या स्वपरागीभवन करण्याऐवजी विशिष्ट नराचे पराग वापरून निम्मी गुणसूत्रे असलेले दाणे मिळवायचे, ते रंगावरून ओळखायचे आणि रोपांची गुणसूत्रे रसायनाने दुप्पट करायची. पूर्ण शुद्ध वाण दोन-तीन हंगामांत तयार होतो. ‘डबल्ड हॅप्लॉइड’ नावाच्या या तंत्रासाठी सिमिट आणि बंगळूरुच्या कृषी विद्यापीठाने कर्नाटकातील कुनिगल येथे २०२१ मध्ये केंद्र सुरू केले. डीएनए माहितीवरून कोणती जोडी सरस ठरेल, याचा संगणकीय अंदाज बांधण्याची पद्धतही रुळते आहे. पण या साधनांमुळे केवळ उमेदवार लवकर आणि अधिक मिळतात. त्यांची चाचणी निरनिराळ्या जमिनी आणि हंगामांत घ्यावीच लागते.

एकाच पालकावर भिस्त ठेवली तर?

याचे उत्तर १९७० मध्ये अमेरिकेला मिळाले. मजूर लावून तुरे खुडण्याचा खर्च वाचावा म्हणून बियाणे कंपन्यांनी ‘टेक्सास’ प्रकारच्या नरवंध्य माद्या वापरल्या. या माद्यांच्या तुऱ्यात परागच होत नसत. सोय इतकी मोठी होती, की देशातील सुमारे ८५ टक्के संकरित मक्यात तोच मातृक वारसा पोहोचला. वाणांची नावे वेगवेगळी होती, कंपन्या वेगवेगळ्या होत्या; पण पेशीतील हा घटक आईकडूनच येतो आणि तो सर्वत्र एकच होता.

पानांवरील करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार नेमका त्याच घटकावर चालणारे विष घेऊन आला. दक्षिणेकडून पसरत त्याने देशातील सुमारे १५ टक्के मका बुडवला. नुकसान एक अब्ज डॉलरच्या घरात गेले. त्यानंतर कंपन्यांना पुन्हा तुरे खुडण्याकडे वळावे लागले. सर्वांत सोयीचा पालक सर्वांनी वापरला, तर रोगालाही एकच कुलूप उघडावे लागते, हा त्या हंगामाचा धडा. म्हणूनच आज फारसे न पिकणारे गावरान मके आणि जुने शुद्ध वाणही जनुक पेढीत जपावे लागतात. उद्याच्या रोगाला उत्तर देणारा पालक त्यांतूनच मिळू शकतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट, संकरित मक्याचे दाणे राखून पेरणे परवडत नाही. एकेरी संकराच्या शेतात सारी ताटे एकसारखी असतात. पण त्यांचे दाणे पुन्हा पेरले, की जनुकांची फेरवाटणी होते, शेत उंचसखल दिसते आणि संकरातून आलेला जोम साधारण निम्म्यावर येतो. त्यात बियाण्याचा दोष नाही. संकराचा स्वभावच तसा आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा हक्क दिला आहे. सरळ वाणात तो उपयोगी पडतो, संकरित मक्यात मात्र निसर्गच त्याला मर्यादा घालतो.

दुसरी गोष्ट यातूनच येते. ज्याच्या हाती पालक, त्याच्या हाती दर वर्षीचे बियाणे. खासगी कंपन्या आपले पालक वाण गुप्त ठेवतात, कारण तेच त्यांचे भांडवल. विद्यापीठे आणि सरकारी संशोधन संस्था सरस पालक तयार करत राहिल्या, तर लहान बियाणे कंपन्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही परवान्याने ते घेऊन बीजोत्पादन करता येते. बाजारात पर्याय राहतात आणि किमतींवर दाब राहतो. कोरडवाहू भागासाठी किंवा पोषणमूल्यासाठी, म्हणजे जिथे नफा कमी आहे तिथे, पालक घडवण्याचे काम तर सरकारी संस्थांनाच करावे लागणार. संशोधन केंद्रांतील रिक्त पदे आणि अपुरा निधी यांचा परिणाम लगेच दिसत नाही. काही वर्षांनी बाजारात कोणते बियाणे नाही, त्यावरून तो कळतो.

तिसरी गोष्ट निवडीची. पिशवीवरील कणसाचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. त्या वाणाची आपल्या भागासाठी आणि हंगामासाठी शिफारस आहे का, जवळच्या संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रात्यक्षिकात तो कसा आला, पावसाच्या खंडात त्याची कणसे भरली का, हे विचारायला हवे. सर्व क्षेत्रावर एकच वाण न लावता दोन-तीन वाण विभागून पेरले, तर धोकाही विभागला जातो.